रणांतून परतलेला माणूस व त्याचें घर

गेल्या हिवाळ्यांत कांहीं जुन्या कागदांच्या शोधार्थ आमचें रिसोडास जाणें झालें. रिसोड हें वाशीम जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. ऋषिवट या नांवापासून त्याची व्युत्पत्ति सांगतात. कागद हातीं लागले ते आमच्या उपयोगाचे नव्हते. एका घरच्या वांटणीपत्रांचे व सावकारी खतांचे ते गाठोडें होतें. परंतु ज्या घरीं तें सोडून पाहिलें, त्या घरच्या वृद्ध गृहस्थांनीं निरोप देतांना एक प्रश्न विचारला, आणि तोच घेऊन आम्ही परतलों. त्यांचा पुतण्या सैन्यांत होता. सीमेवर चकमक पाहून, बरोबरचे दोन सोबती गमावून, तो अंगावर ओरखडाहि न उमटतां घरीं आला. त्यास दीड वर्ष झालें. रात्रीं झोंप नाहीं. वरातींत फटाके वाजले कीं ओसरीवरून उठून आंतल्या खोलींत जाऊन बसतो. आईशीं धड बोलत नाहीं, लेकराला जवळ घेत नाहीं. गांवांत कोणी म्हणतात भ्याला, कोणी म्हणतात बाहेरचें लागलें. "पोरगं आलं जी, पण पुरतं घरीं नाहीं आलं अजून," असें सांगून वृद्धांनीं विचारलें कीं, आपल्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या लढाया केल्या. त्यांतून जीं माणसें जिवंत परत आलीं, त्यांचें कधीं असें झालें होतें काय? झालें असेल तर घरच्यांनीं काय केलें? तुम्ही कागद वाचणारे, तुम्हांस ठाऊक असेल.

आम्हांस त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकांस ही गोष्ट भूषणावह नव्हे. लढाईची तिथि कोणती, मोर्चे कोठें होते, तोफा किती होत्या, यांवर आम्हीं लोकांनीं वर्षानुवर्षें वाद घातले; परंतु लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षीं तो माणूस चुलीपाशीं बसून काय करीत होता, हें फारसें कोणीं विचारलें नाहीं. पुढील मजकूर त्या प्रश्नाचें यथामति दिलेलें उत्तर होय.

प्रथम रिसोडाचीच हकीकत घेऊं. ता. १५ जानेवारी १८५९ रोजीं रिसोडानजीक चिचांबा येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची रोहिल्यांशीं लढाई झाली. सत्तावन सालचा वणवा विझत आला होता, तरी त्याचे निखारे या बाजूस अद्याप धुमसत होते. फौजेच्या दुसऱ्या रिसाल्याचा कप्तान हर्बर्ट क्लॉगस्टन यानें अवघे आठ स्वार बरोबर घेऊन शत्रूवर घोडे घातले, त्यांस पुन्हां गांवांत शिरावयास लावलें व अखेरीस लूट टाकून देण्यास भाग पाडलें. तो स्वतः जबर जखमी झाला. या कामगिरीबद्दल त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें १८६२ त तो हिंगोलीस मारला गेला. या फौजेचा आणि रिसोडाचा संबंध केवळ एका दिवसाच्या रणापुरता नव्हता. १८५३ च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला तो याच फौजेच्या खर्चासाठीं. म्हणजे येथील काळ्या जमिनीचा सारा ज्या घोड्यांच्या दाण्यावैरणीस लागत होता, तेच घोडे येथल्या शिवारांत दौडत होते.

पदकाच्या जाहिरनाम्यांत एक वाक्य आहे. कप्तानाबरोबर गेलेल्या आठ स्वारांपैकीं सात त्यानें गमावले, असें तें सांगतें. सात गेले. मग आठवा? त्याचें नांव त्या मजकुरांत नाहीं. गेलेल्या सातांचींहि नाहींत. पण त्यांचा निदान आंकडा तरी आला. हिंदी शिपायास व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची मोकळीक १९११ पर्यंत नव्हती, तेव्हां आठव्यास तो मिळाला नाहीं यांत नवल नाहीं. आमचा प्रश्न पदकाचा नाहीं. त्या संध्याकाळीं आठवा स्वार तळावर आला असेल, घोड्यास चंदी दाखविली असेल, आणि शेजारचीं सात ठिकाणें रिकामीं पाहून तसाच बसला असेल. तो रजेवर घरीं गेला तेव्हां घरच्यांनीं त्यास काय विचारलें, व त्यानें काय सांगितलें? जाहिरनामा सात या आंकड्यापाशीं थांबतो. रिसोडचे वृद्ध ज्याच्याविषयीं विचारीत होते, तो हाच आठवा.

असेंच मौन पेशवाईच्या दप्तरांत आढळतें, आणि तें अधिक विचार करण्यासारखें आहे. कारण मराठी राज्य शिपायाविषयीं निष्काळजी नव्हतें. रणांत जखमी झालेल्यास उपचारासाठीं सरकारांतून रक्कम मिळे. जो पडला त्याच्या बायकामुलांस बालपरवेशी म्हणून नेमणूक करून देत. मुलगा हाताशीं येईपर्यंत घर चालावें हा तिचा हेतु. कोठें रोख, कोठें जमीन. अशा नोंदी वाचतांना त्या कारकुनांच्या कोरड्या अक्षरांतहि एक प्रकारची माया जाणवते. परंतु या व्यवस्थेंत खातीं दोनच: जखमी आणि मृत. जो अंगानें धड परत आला, तो हजिरींत धरला गेला व विषय मिटला. त्याच्या मनास कांहीं झालें असल्यास तें पाहणें घराचें काम, सरकारचें नव्हे. म्हणूनच त्याचा माग काढावयाचा तर जमाखर्च सोडून माणसांच्या आठवणींकडे, घरांच्या वहिवाटींकडे वळावें लागतें.

अशा शोधास पानिपताइतकें मोठें क्षेत्र दुसरें नाहीं. शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, म्हणजे ता. १४ जानेवारी १७६१, या दिवशीं जें झालें तें मराठी भाषेच्या अंगीं इतकें मुरलें आहे कीं, आजहि कोणाचा धंदा बुडाला तर त्याचें पानिपत झालें असें आपण सहज म्हणतों. पडलेल्यांविषयीं बखरी, पोवाडे, नाटकें, कादंबऱ्या भरपूर आहेत. परतलेल्यांविषयीं मात्र वेंचून पाहावें लागतें.

महादजी शिंदे यांचेंच पाहा. पानिपताहून पळतांना एका अफगाण स्वारानें त्यांचा पाठलाग केला. महादजींखालीं उमदी दक्षिणी घोडी, अफगाणाखालीं बोजड, संथ पण न थकणारा घोडा. महादजींनीं कितीहि अंतर तोडलें तरी मागें वळून पाहावें तों तो येतच आहे. अखेरीस घोडी खड्ड्यांत पडली. अफगाणानें गांठून पायावर फरशीचा घाव घातला, अंगावरचे दागिने व घोडी घेतली, आणि त्यांस तेथेंच टाकून तो निघून गेला. तो पाय जन्मभर अधू राहिला, हें सर्वश्रुत आहे. पण माल्कम यांनीं मध्य हिंदुस्थानच्या आपल्या वृत्तांतांत या प्रसंगासंबंधीं दुसरी एक गोष्ट नोंदून ठेविली आहे, तिच्याकडे आमच्या चरित्रकारांचें लक्ष कमी गेलें. पुढें कित्येक दिवस तो अफगाण व त्याचा तो बोजड घोडा आपणांस झोंपेंत पाठीशीं येतांना दिसत असे, असें महादजी स्वतः सांगत. ज्या पुरुषानें दहा वर्षांत दिल्ली पुन्हां हस्तगत केली व बादशहास तख्तावर बसविलें, त्याच्या झोंपेंत तो घोडा दौडत होता. महादजींस भित्रा म्हणणारा आजवर कोणी निघाला नाहीं. मग रिसोडच्या त्या मुलास भ्याला म्हणणाऱ्यांनीं हा प्रसंग एकदां ऐकावा, एवढीच आमची विनंती.

महादजी वांचले ते राणेखान नांवाच्या एका भिस्त्यामुळें. त्यानें जखमी महादजींस आपल्या पाणक्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणिलें. या उपकाराची फेड महादजींनीं कशी केली हें सांगतांना इतिहासकार राणेखानाची पुढची सरदारी सांगतात, आणि ती खरीहि आहे. १७८८ त गुलाम कादिराविरुद्ध दिल्लीवर गेलेल्या फौजेचें आधिपत्य त्याजकडे होतें. पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. महादजी त्यास भाऊ म्हणत, व राणेखान भाई म्हणूनच तो ओळखला गेला. शिंद्यांच्या घरांतील पुरुष त्या लढायांत एकामागून एक कामास आले होते. त्या दिवशीं खड्ड्यापाशीं काय झालें हें ज्यास सांगावें लागत नव्हतें, कारण त्यानें तें पाहिलें होतें, असा एकच माणूस उरला; त्यास महादजींनीं नात्यांत ओढून घेतलें. रणांतून आलेल्यास रणांत असलेल्याची सोबत लागते, हें आजचे वैद्य सांगतात. तें महादजींस कोणीं सांगितलें नव्हतें.

दुसरें उदाहरण नाना फडणीसांचें, आणि येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. कारण येथें एका जुन्या निवाड्याची फेरतपासणी करावयाची आहे. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म ता. १२ फेब्रुवारी १७४२ चा. चौदाव्या वर्षीं वडील वारले. भाऊसाहेबांबरोबर ते उत्तरेस गेले ते आई व पत्नी यांस घेऊन, तीर्थयात्राहि घडावी या हेतूनें. लढाईच्या दिवशीं त्यांस एकोणीस वर्षें पुरीं व्हावयास महिना होता. त्यांनीं मागें ठेविलेलें छोटेंसें आत्मवृत्त प्रसिद्ध आहे. कर्नल ब्रिग्ज यांनीं एकोणिसाव्या शतकांतच त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. त्यांत बढाई औषधासहि नाहीं. मोड झाल्यावर घोडा व पोशाख टाकून पायीं निघणें, वाटेंत पुन्हां पुन्हां गांठलें जाणें, बरोबरच्या माणसांचें डोळ्यांदेखत कापलें जाणें, स्वतः गवतांत लपून राहणें, झाडाचा पाला खाऊन दिवस काढणें, हें सर्व त्या कोंवळ्या मुलानें जसें घडलें तसें सांगितलें आहे. पत्नीस विरोजी बारावकर यानें सोडवून आणिलें. मातोश्री परत आल्या नाहींत.

आतां निवाडा. ग्रँट डफ यांनीं १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत नानांस थोर मुत्सद्दी म्हटलें, आणि त्याच श्वासांत त्यांच्या ठायीं व्यक्तिगत धैर्याची उणीव होती असें नमूद केलें. तेव्हांपासून हें वाक्य पिढ्यान् पिढ्या उतरविलें गेलें. नाना सावध, नाना संशयी, नाना रणास भिणारे. संकट दिसतांच ते सुरक्षित जागा पाहत, हें खरें आहे. १७९६ त ते महाडास जाऊन बसले, हेंहि खरें. पण ज्या माणसानें एकोणिसाव्या वर्षीं गवतांत पडून आपल्या सोबत्याचा शेवट पाहिला, त्याच्या सावधपणास केवळ भित्रेपणा म्हणणें हा न्याय नव्हे. बरें, तो पुन्हां रणाजवळ गेलाच नाहीं असेंहि नाहीं. १७७९ च्या जानेवारींत इंग्रजी फौज तळेगांवाकडे चालून आली तेव्हां व १७९५ त खर्ड्याच्या मोहिमेंत ते फौजेबरोबर होते. जें एकदां पाहिलें तें पुन्हां पाहावें लागेल हें ठाऊक असून जो जातो, त्याचें धैर्य आणि जो कधीं पोळलाच नाहीं त्याचें धैर्य, हीं एका मापानें मोजतां येत नाहींत.

अडीचशें वर्षांपूर्वींच्या माणसाच्या मनास आजच्या वैद्यकाचें नांव चिकटविणें आम्हांस पसंत नाहीं, व येथें तें आम्ही करीतहि नाहीं. नानांचें मन कोणत्या रोगानें ग्रासलें होतें असा सिद्धांत मांडावयाचा नाहीं. निवाड्यांत पुरावा विचारांत घेतला नाहीं एवढेंच दाखवावयाचें आहे.

मग या मुलास त्याच्या माणसांनीं कसें सांभाळलें? नानासाहेब पेशव्यांस भेलशाच्या बाजूस जानेवारीच्या अखेरीस पराभवाची वार्ता कळली. त्या धक्क्यांतून ते सांवरले नाहींत व ता. २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर वारले. त्यांचा विश्वासराव व हा नाना एकाच सालचे, एकाच वाड्यांत वावरलेले. एक गेला, दुसरा आला. अशा घरांत परत येणाऱ्यास आपण कां वांचलों हा प्रश्न भिंतीभिंतींतून ऐकूं येतो. वैराग्याकडे नानांचा ओढा आत्मवृत्तांत स्पष्ट आहे. पण घरानें त्यांस संन्यास घेऊं दिला नाहीं व तलवारहि हातीं दिली नाहीं. वडिलोपार्जित फडणिशी दिली. हिशेब, पत्रें, याद्या, रोजच्या रोज करावयाचें, आज अपुरें राहिलें तर उद्यां पुरें करावें लागणारें काम. माधवरावांच्या कारकीर्दींत पुण्यांतील कारभाराचा मोठा भार हळूहळू त्यांजवर आला. हें कोणीं योजून केलें असें आम्ही म्हणत नाहीं; वतन होतें, तें चाललें. परंतु त्याचा परिणाम योजून केल्यासारखाच झाला. आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. नानांनीं आयुष्यभर कागद लिहिला, लिहविला, जपला. मेणवलीच्या वाड्यांतील त्यांचें दप्तर त्याची साक्ष आहे. पण स्वतःविषयीं त्यांनीं जें लिहिलें तें पानिपताच्या वर्षापाशींच संपतें. पुढें ते एकोणचाळीस वर्षें जगले. त्या वर्षांविषयीं सांगण्यासारखें थोडें होतें काय? जें सांगितल्यावांचून राहवत नव्हतें तेवढेंच सांगितलें, असें आम्हांस वाटतें.

तिसरें उदाहरण स्त्रीचें आहे. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणावर होत्या. तेथून त्या जिवंत परतल्या, पण पति गेले हें त्यांनीं मान्य केलें नाहीं. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबांत, त्यांतून पेशव्यांच्या घरांत, वैधव्याचे आचार किती कडक होते हें सांगणें नलगे. असें असूनहि वाड्यानें त्यांजवर ते लादले नाहींत. त्या सौभाग्यवतीच्या वेषांत राहिल्या, १७८३ त वारल्या तोंपर्यंत. आणि भाऊसाहेबांचें उत्तरकार्यहि तेव्हांच झालें. बावीस वर्षें एका घरानें एका बाईच्या दुःखाशीं वाद घातला नाहीं. यास दुबळेपणा म्हणणारे म्हणोत. आम्हांस तें त्या घरानें दाखविलेलें मोठें औदार्य वाटतें. याची किंमतहि द्यावी लागली, हें लपवूं नये. भाऊ जिवंत असतील ही आशा उघडी राहिली, तिचाच फायदा घेऊन तोतया उभा राहिला, आणि १७७६ त त्यानें कोंकणांत केवढें बंड माजविलें हें इतिहास जाणतो. मायेनें मिटलेले डोळे कोणी लुबाडूं शकतो. तथापि तोतयास देहान्त शासन झालें त्यानंतरहि पार्वतीबाईंचें कुंकू कोणीं पुसलें नाहीं.

इतर देशांतहि हें दुखणें नवें नाहीं. त्याचीं नांवें मात्र बदलत गेलीं. अमेरिकेंतील यादवी युद्धानंतर दा कोस्टा या वैद्यानें १८७१ त शिपायांच्या धडधडणाऱ्या काळजाचें वर्णन केलें. पहिल्या महायुद्धांत, १९१५ त, मायर्स यांनीं तोफगोळ्यांच्या धक्क्याचें नांव वैद्यकांत रूढ केलें. त्याच युद्धांत मेसापोटेमियांत कूत येथें वेढ्यांत सांपडून १९१६ त कैद झालेल्यांत मराठा पलटणींचे शिपाईहि होते, आणि जे वांचले ते साताऱ्या-रत्नागिरीकडील घरीं परतले. त्यांच्या मनाचें काय झालें तें त्या घरांनींच जाणावें. १९८० त अमेरिकन मनोवैद्यांनीं आघातोत्तर विकार म्हणून या दुखण्यास स्वतंत्र स्थान दिलें. झालेली गोष्ट मनांत भूतकाळ होऊन बसत नाहीं, पुन्हां पुन्हां आतांच घडल्यासारखी उभी राहते, असें त्याचें स्वरूप ते सांगतात. महादजींच्या स्वप्नांतला घोडा असाच येत होता.

रिसोडच्या वृद्धांस आम्हीं हें सर्व लांबलचक पत्रानें कळविलें. होय, असें झालें होतें. थोरांचेंहि झालें होतें. घरांनीं जें केलें तें असें: एकानें बरोबरच्यास भाऊ केलें, एकाच्या हातीं घरचें काम दिलें, एकीचें दुःख खोटें पाडलें नाहीं. त्यांजजवळ औषध नव्हतें, आज आहे. म्हणून मुलास बाहेरचें लागलें असें समजून देवर्षीकडे न नेतां मनोवैद्याकडे न्यावें. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत विचारावें. २०२२ त सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेस १४४१६ या क्रमांकावर रात्रींअपरात्रींहि दूरध्वनि करतां येतो. आणि आपणांस जगावयाचें नाहीं असें तो एकदां जरी बोलला तरी त्यास क्षणभरहि एकटें न सोडतां तत्काळ रुग्णालयांत न्यावें, असेंहि त्या पत्रांत लिहिलें. इतिहासाच्या पत्रांत हा मजकूर शोभत नाहीं असें कोणास वाटल्यास वाटो.

त्यांचें उत्तर आलें तें चार ओळींचें. महादजींची गोष्ट त्यांनीं मुलास वाचून दाखविली. तो ऐकून घेऊन कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र त्यानें विचारलें कीं, त्या घोडीचें पुढें काय झालें? हें आम्हांस ठाऊक नाहीं, अफगाण तिला घेऊन गेला एवढेंच ठाऊक आहे, असें आम्हीं कळविलें आहे.

चिचांब्याच्या आठव्या स्वाराचा शोध आम्हीं सोडलेला नाहीं. रिसोड, वाशीम, हिंगोली या बाजूच्या ज्या घरांत कंटिंजंटच्या दुसऱ्या रिसाल्यांतील पूर्वजांचीं पेन्शनपत्रें, रजाचिठ्ठ्या, चाकरीचे दाखले किंवा नुसती कानोकानीं आलेली हकीकत असेल, त्यांनीं ती आम्हांकडे पाठवावी. मूळ कागद नकल करून सुरक्षित परत केले जातील.